माशाच्या कढईतला दोडका

हैदराबादच्या कोठी भागातल्या डॉक्टरांनी बाबांना स्वच्छ सांगितलं, "भाज्या खा, नाहीतर इन्सुलिनची सुई ठरलेली." बाबा सुईला घाबरतात, पण भाजीला त्याहून जास्त. तिथून नल्लकुंट्याला, आमच्या घरी पोचेपर्यंत त्यांनी निकालही देऊन टाकला, "नक्को! ते गवत माझ्याच्यानं होत नाही."

तरी आई रोज दोडका, दुधी, शेवग्याच्या शेंगा करायची आणि वाढून समोर उभी राहायची. पहिल्याच घासाला बाबा असं तोंड करायचे, की पाहणाऱ्याला वाटावं आम्हीच म्हाताऱ्याचा छळ मांडलाय. मग आईचा आवाज चढायचा, ताट सरकवलं जायचं आणि तिच्या डोळ्यांत पाणी. मला दोघांचाही राग यायचा. जेवण कसलं, रोजची कोर्टकचेरी!

शेवटी एका रविवारी मी वैतागून रोहू आणला. मासा आमच्याकडे गॅलरीत शिजतो. आईचं माहेर महानुभाव पंथाचं, त्यामुळे खाणं सोडाच, मासा वाढलेल्या पंगतीलाही ती बसत नाही. त्या दिवशी ती आधीच जेवून घेते आणि पुढच्या खोलीचं दार ओढून घेते.

मी कढईत कांदा-टोमॅटो परतला आणि आईने चिरून दिलेला दोडका, वांगी, शेंगा सगळं आत लोटलं. वर चिंचेचा कोळ, भरपूर तिखट, माशाचे तुकडे आणि झाकण. अर्ध्या तासात काम फत्ते.

बाबांनी आधी मासा संपवला. मग रश्श्याच्या नादात वांगं गेलं, दोडका गेला, शेंगाही चोखून झाल्या. मी न बघितल्यासारखं करून बघत होतो.

दारामागून आईने विचारलं, "काय खाताहेत?"

"दोडका."

"खोटं बोलू नकोस."

"शपथ! मागून घेतला."

मग दार उघडलं. नाकाला पदर लावून आई आली आणि खुर्ची ओढून थेट माशाच्या ताटासमोर बसली. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

बाबांचा घास तोंडाशी थांबला. आता ही काहीतरी बोलणार, बाबा ताट सरकवणार आणि माझी सगळी मेहनत पाण्यात.

आई पदराआडून म्हणाली, "मी बघत नाहीये. खा तुम्ही." आणि तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

बाबांनी दोडक्याची मोठी फोड उचलली आणि तिला ऐकू जावी म्हणून मुद्दाम मचमच करत खाल्ली.