गिरजाबाईंचं दुसरं रक्त

नाओमी रोहेकर राहायची रोह्याला आणि पेणच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. भाऊ एझ्रा इस्रायलहून फोनवर विचारायचा, "आपले सगळे ज्यू लोक इथं आले, तू कशासाठी थांबलीस?" तापासाठी, असं तिला सांगता यायचं नाही.

भातलावणीनंतर पेणजवळच्या जोहे-हमरापूरकडे ताप यायचा. अंग ठणकायचं, डोळे लाल व्हायचे, काहींना कावीळ व्हायची आणि माणूस हातचा जायचा. नाओमीला लेप्टोस्पायराचा संशय होता. हा जंतू उंदरांच्या मुतातून शेतातल्या पाण्यात येतो आणि पायांच्या भेगांतून शरीरात शिरतो. १९९४च्या पावसाळ्यात तिने रुग्णांचं रक्त मुंबईच्या प्रयोगशाळेत तपासून घेतलं. बहुतेकांत या जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रतिपिंडं निघाली. तिने शोधनिबंध लिहून परदेशी नियतकालिकाकडे धाडला आणि तिची झोप उडाली. शिकवतानाही तिचे कान पोस्टमनकडे असायचे.

शिमग्याच्या सुमारास उत्तर आलं. नियतकालिकाच्या परीक्षकाने लिहिलं होतं: प्रतिपिंडं जुन्या संसर्गाचीही असू शकतात. त्याच रुग्णांचं रक्त पुन्हा तपासा. पातळी तेवढीच राहिली असेल, तर हा ताप त्याच जंतूचा होता असं म्हणता येणार नाही.

नाओमी चिडली, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं.

ती जोह्याला गेली तेव्हा गिरजाबाई गणपतीच्या मूर्तींना पांढरा रंग देत होत्या. त्या तापातून वाचल्या होत्या, नवरा केरू वाचला नव्हता. "शेतातल्या पाण्यातूनच झालं," असं नाओमीच त्यांना सांगून बसली होती. तेव्हाच त्यांनी शेत पडीक टाकायचं ठरवलं होतं.

"परत रगत? एकदा दिलं ना, बाई?"

"माझं चुकलं असेल तर ते यातूनच कळेल."

गिरजाबाईंनी हात पुढे केला. केरूचं दुसरं रक्त मिळणारच नव्हतं.

निकाल आला. काहींची पातळी स्पष्ट उतरली होती, म्हणजे त्यांचा ताप त्याच जंतूचा होता. गिरजाबाईंची होती तिथेच होती.

प्रयोगशाळेचे प्रमुख फोनवर म्हणाले, "न जुळणारी नावं गाळा. निबंध लगेच छापून येईल."

"त्यांनाही ताप आलाच होता, सर. गाळू कशी?"

तिने सगळे आकडे ठेवले, दावा कमी केला. भल्यामोठ्या निबंधाचं एक छोटं टिपण उरलं. ते स्वीकारलं गेलं, पण तिच्या जिवाला चैन पडेना. पेरणी तोंडावर आली होती. ती पुन्हा जोह्याला गेली.

"गिरजाबाई, तुमचा ताप त्या जंतूचा होता असं मला आता म्हणता येत नाही. तो जंतू तुम्हाला आधी कधीतरी लागून गेला असावा."

"मग आमचे हे कशानं गेले?"

"माहीत नाही."

गिरजाबाई म्हणाल्या, "येवढं शिकून बी नाय कळलं?"

"नाही कळलं. शोधतेय."

"शेत लावू का नको, तेवढं तरी सांगा."

"लावा. पण पायांना भेगा असतील तर पाण्यात उतरू नका. आणि कुणालाही ताप आला की त्याच दिवशी मला निरोप धाडा, म्हणजे पहिलं रक्त लगेच घेता येईल."

टिपण छापून आलं, तेव्हा जोह्याहून तापाचा पहिला निरोप आला होता. अंक टेबलावर तसाच ठेवून नाओमी रक्त घ्यायच्या बाटल्या घेऊन एसटी स्टँडकडे निघाली.