पदरातली चुनी

पेंडीच्या दुकानात तुरीच्या चुनीचं पोतं उघडलं की मला लातूरची ती डाळमिल आठवते. मी खर्चाचं ऑडिट करायला नवाच लागलो होतो. यंत्रात पडणारी तूर आणि बाहेर येणारी डाळ, टरफल, गुरांना घालायचा डाळीचा चुरा म्हणजे चुनी, सगळं दिवसभर समोर तोलून घ्यायचं मी ठरवलं होतं. पत्रे तापलेले, धूळ घशात बसलेली. संध्याकाळी चुनी कमी भरली. मालक दार अडवून उभे होते. "बाया पदरात नेतेत, साहेब. तेवढं रिपोर्टात लिहा, म्हंजी मला बंद करता येतंय." चाळणीवरची म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "घरी शेळी हाय, लेकरा. पहिल्यापास्नं नेतो आम्ही." बाहेर पडायला तेवढं एकच दार होतं. मी रिपोर्टात तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी घरी जाताना तिनं कुणी न सांगता माझ्यासमोर पदर झटकून दाखवला. नांदेडला माझी आईही डाळमिललाच जायची. तिनं पदरातून आणलेल्या चुनीवर आमची शेळी दूध द्यायची, आणि ते मी प्यायचो. हे मी तिथं बोललो नाही. आईलाही त्या मिलमधलं कधी सांगितलं नाही.