शुभाबाईंच्या चिनीचं कौतुक

मुलुंडच्या शुभाबाईंना सोसायटीत सगळे 'चिनी बाई' म्हणत, आणि बाईंना ते भारी आवडायचं. का नाही आवडणार? नवरा अनंत बँकेत फायली सरकवणारा, जावा-नणंदा भिशीत रमलेल्या, आणि ही एकटी चिनी भाषा शिकवते! करोनात वॉचमन म्हणाला, "मॅडम, तुमच्या लोकांनी वाट लावली ना आमची!" बाईंनी तेही कौतुकाने चार घरी सांगितलं. चीन मात्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. सगळं शिक्षण पुस्तकांतून आणि कॅसेटींवरून झालेलं.

घाटकोपरला, स्वतःला चिनीचं अक्षरही न येणाऱ्या मुकुलभाईंच्या क्लासात त्या कितीतरी वर्षं शिकवत होत्या. जिभेला हाड नाही. चुकलेल्या पोराला सरळ "तू आपली वडापावची गाडी टाक" म्हणायच्या. पण शब्दांच्या मागचं बोलणं शिकवावं तर त्यांनीच. "चिनी माणसाने तुमच्या भाषेचं कौतुक केलं की फुगू नका रे. बँकेतला तमिळ साहेब दोन वाक्यं मराठीत बोलला की आपण म्हणतो ना, 'अरे वा, किती छान मराठी!' शेजारच्या काकूंना म्हणतो का कधी? कौतुक पाहुण्याचं होतं. कौतुक विसरून ते तुमच्याशी भांडायला लागले, की समजा भाषा आली."

वर्गात तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसली होती गार्गी, बाईंची लाडकी. ही पोरगी फोनवर चिनी मैत्रिणींशी गप्पा मारून मारून असली फर्डी बोलायला लागली, की मुकुलभाईंनी तिला शिकवायलाच ठेवून घेतलं. तेव्हापासून बाईंच्या पोटात दुखायला लागलं.

यंदा अंधेरीच्या एका कंपनीने बॅच मागितली. चिनी लोकांशी वागावं-बोलावं कसं, त्यांचा नकार ओळखावा कसा, हे शिकवायचं. शिक्षिका एकच हवी. दुसरीला नारळ, असं मुकुलभाईंनी दोघींना तोंडावर सांगून टाकलं. या वयात नारळ! उद्यापासून नुसती अनंतची बायको होऊन घरात बसायचं? बाई हादरल्याच.

पारखायला कंपनीच्या चिनी अधिकारी लिनबाई व्हिडिओवर आल्या. आधी शुभाबाई बोलल्या, अगदी स्वच्छ, घोटून घोटून. लिनबाई गोड हसल्या, अंगठा दाखवला, "तुमचं चिनी किती छान!" असं पुन्हा पुन्हा म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मग गार्गी बोलली. तिचं कौतुक वगैरे काही नाही. लिनबाईंनी तिला मध्येच तोडलं, वाद घातला, गार्गीनेही ऐकून घेतलं नाही. मग दोघी खिदळल्या, आणि लिनबाईंनी चक्क स्वतःच्या सासूचं गाऱ्हाणं सुरू केलं. शेवटी मुकुलभाईंना इंग्रजीत "दोघी उत्तम" म्हणून त्या गेल्या.

शुभाबाईंना सगळं कळलं. कानशिलं तापली त्यांची. त्या खोलीत हे कळणारं आणखी एकच माणूस होतं.

"मॅडम, कमाल केलीत तुम्ही!" मुकुलभाई खूश. "पण हिला शाबासकी नाही, उलट वाद. असं का?"

गार्गी बाईंकडे बघत राहिली. बाई सांगतील, या भरवशावर उभी होती बिचारी.

"उर्मट वाटली असेल त्यांना," शुभाबाई म्हणाल्या. "मोठ्यांशी कसं बोलावं, हे अजून जमत नाही हिला."

"सर, तसं नसतं, मॅडमनीच आम्हाला..."

"आता मॅडमना तू शिकवणार?" मुकुलभाई उखडले. "सोमवारपासून येऊ नकोस."

गार्गीने पर्स उचलली. दारापाशी वळली, बाईंसमोर अदबीने किंचित वाकली आणि अत्यंत शुद्ध, अत्यंत आदराच्या चिनीत एकच वाक्य बोलून जिना उतरली.

"काय म्हणाली ती?" मुकुलभाईंनी विचारलं.

"माझं चिनी किती छान आहे, म्हणाली."

"बघा!" मुकुलभाई समाधानाने हसले. "एवढं झालं तरी मानते पोरगी तुम्हाला."