बर्नीच्या टाचेवरची लाथ

बर्नी कोझिकला हार म्हणून पचायची नाही. अमेरिकेतल्या ईरी शहरात चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी साठीपुढची मंडळी बास्केटबॉल खेळत, त्यांत सगळ्यात मोठा आवाज याचाच. कुणाचा पाय मुरगळला की म्हणायचा, "जा घरी, आईकडून शेकून घे!" स्वतःची टाच मात्र हिवाळाभर रोज सकाळी ठणकत होती. पोटरीला टाचेशी जोडणारी शीर झिजलीय, खेळ बंद करा, असं डॉक्टर हेसबाईंनी बजावलं होतं. पठ्ठ्यानं कुणाला पत्ता लागू दिला नाही.

त्या गुरुवारी बॉल घेऊन तो उसळला आणि टाचेवर खाडकन लाथ बसली. त्याला तरी तसंच वाटलं. पडल्या पडल्या त्यानं मागे पाहिलं. मागे लेनी होता.

"लेन्या, हलकटा! लाथ मारलीस?"

"अरे, मी केवढा लांब होतो!"

"मग काय भुतानं मारली?"

बायको गेल्यापासून लेनी गुरुवारसाठीच जगायचा. हॉलची किल्ली त्याच्याकडे. सगळ्यांआधी येऊन दिवे लावायचा, फरशी पुसायचा. आणि तिथला नियम असा, की मुद्दाम कुणाला जायबंदी केलं तर परत पाऊल ठेवायचं नाही.

तरी बर्नीला दवाखान्यात नेलं ते लेनीनंच.

हेसबाईंनी बर्नीला पालथं झोपवून पोटरी दाबली. डावं पाऊल हललं. उजवं तसंच लोंबकळत राहिलं.

"शीर तुटली. लाथबीथ काही नाही, तुटताना सगळ्यांना तसंच वाटतं. थांबा म्हटलं होतं ना?"

"बाहेर मित्र बसलाय, त्याला सांगू नका."

"मी नाही सांगत. तुम्ही सांगा. रडतोय बिचारा."

बर्नीला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं, तसा लेनी टोपी चुरगळत उठला. "काय म्हणाल्या रे?"

खरं अगदी ओठांवर आलं होतं. पण खरं बोलला असता, तर आईकडून शेकून घ्यायची पाळी त्याचीच होती.

"लाथेनंच तुटली," बर्नी म्हणाला.

लेनीनं वाद घातला नाही. "असेल रे. मला कळलंच नसेल. म्हातारा झालो." त्यानं खिशातून किल्ली काढली, बर्नीच्या मांडीवर ठेवली आणि त्याला जपून गाडीत बसवलं.

पुढच्या गुरुवारी कुबड्या टेकत जाऊन बर्नीनं हॉल उघडला. कुणीतरी लेनीची चौकशी केली.

"बरं झालं, ब्याद गेली," बर्नी म्हणाला. "खेळता कुठं येत होतं त्याला?"

सगळे हसले. फरशी मात्र त्या दिवशी कुणी पुसली नाही.