अक्काची काजं

अक्काला सासरच्यांनी आणून सोडलं, तेव्हा मी आचऱ्याच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. जवळ कुणी नसताना तिला माणसं बोलताना ऐकू यायची. ती त्यांना उलट उत्तरं द्यायची, भांडायची. आई गेल्यावर घरात आम्ही दोघीच. शाळा सुटली की मी धावत यायची आणि अंगणाच्या बेड्याशी, कवाडाबाहेरच थांबून आधी कानोसा घ्यायची. तो थकवा अजून अंगातून गेलेला नाही.

एक काम मात्र ती मन लावून करायची. वाडीतली ख्रिस्ती शिवणबाई तिच्याकडे काजं करायला सदरे आणून द्यायची. तोंडानं पुटपुटणं चालू असलं तरी टाका कधी हलला नाही. 'असो हात गोव्यात पण मिळाचो नाय,' असं ती बाई म्हणाली की अक्का पदराआड हसायची.

मग एका पावसाळ्यात तिनं चार दिवस अन्नाला हात लावला नाही. मी तिला एसटीनं मालवणला नेलं. डॉक्टरांनी नव्या निघालेल्या गोळ्या दिल्या. महिन्याभरात आवाज थांबले. जो तो म्हणायचा, 'बरी झाली गो!' अक्का पडवीत खांबाला टेकून बसून राही. हात कापायचे. सुईत दोरा जाईना. सदरे तसेच परत गेले.

पुढे मला माडाच्या आळ्यात अर्धवट विरघळलेल्या गोळ्या सापडल्या.

"अक्का, ह्यो काय प्रकार?" मी ओरडले.

"माका नको त्यो गोळयो," ती म्हणाली. "ती मेली बोलतत तर बोलांदेत. काजा तरी होतत."

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "आता शांत आहेत ना? मग थोडं कापरं चालायचंच."

"शांत आहे, पण दिवसभर तिनं करायचं काय?"

डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी पुढं ओढली. मग त्यांनी गोळी अर्ध्यावर आणली, तीही रात्रीच घ्यायला सांगितली. "आवाज परत येतील थोडे. तुम्हाला झेपेल?"

झेपेल, असं मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

आवाज आले. पण सकाळी हात थोडे स्थिर असत. दिवसाला एखादा सदरा व्हायचा, टाके पूर्वीसारखे नव्हेत. शिवणबाई तेही घडी घालून घेऊन जायची. शेजारी राहणारी काकी मात्र तोंडावर म्हणाली, "तूच तिका बरी होवक देणस नाय." मी वाद घातला नाही, तेवढं बळ नव्हतं, आणि तिचं खरं असेल अशी भीतीही होती.

अशी बरीच वर्षं गेली. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिचं भांडण सुरू झालं की मी मुलांच्या वह्या घेऊन मागल्या दारी जाऊन बसायची.