उजवीकडचं स्टूल

पुण्यात कॉम्प्युटरचे क्लास गल्लोगल्ली निघाले होते, तेव्हाची गोष्ट. लोणी काळभोरहून मी रोज बसने सदाशिव पेठेत क्लासला यायचे. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, फ्लॉपी आणली आहे का, आणि मी म्हणाले, "हाय की, पिशवीत हाय." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. त्यानंतर मी त्या वर्गात तोंड म्हणून उघडलं नाही. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. मी काही फार मोठ्या मनाची बाई नाही.

क्लास सुटल्यावर बसला तासभर वेळ असायचा. तो तास मी शेजारच्या व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये काढायला लागले. पार्लर म्हणजे एका निवृत्त शिक्षिकेची रस्त्याकडची खोली आणि तिच्यात तीन मशीन. या काकू दाराशी टेबल टाकून मटार सोलत बसायच्या आणि टोकन द्यायच्या. बाईमाणूस दिसलं म्हणूनच मी आत शिरले. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "खेळायचं असेल तर नंबर लाव. बघायचं असेल तर रस्त्यावरूनही दिसतं."

मी नंबर लावला.

मारामारीचा गेम होता. आठ जणांतून एकाला निवडायचं आणि समोरच्याला लोळवायचं. त्यांची खरी नावं इंग्रजीत, पडद्यावरून चटकन निघून जाणारी, म्हणून मुलांनी आपली नावं ठेवली होती. मी घ्यायचे पैलवान. घरी कुस्तीचं वेड, वडील जत्रेतला एक फड चुकवायचे नाहीत. लंगोट घातलेला तो जाडजूड गडी पाहिला आणि मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मुलं म्हणायची, पैलवान कुचकामी आहे, दोन पावलं टाकेपर्यंत चहा पिऊन होतो. पण तीच मुलं मला 'पैलवान' म्हणून हाक मारू लागली. अख्ख्या शहरात मला कुणी हाक मारावी अशी ती एकच जागा होती.

सगळ्यांचं घोडं अडायचं त्या आठांतल्या चाबूकवालीपाशी. ती लांबूनच चाबूक मारायची, जवळ जाऊच द्यायची नाही. तिला घेऊन खेळणारा इंजिनिअरिंगचा एक मुलगा दिवाळीपासून हरला नव्हता. पार्लरचा नियम असा, की जिंकेल तो उजवीकडच्या स्टुलावर बसून राहणार आणि नवा आलेला डावीकडे बसणार. त्यामुळे उजवं स्टूल त्याचंच झालं होतं. त्यावर तो घरून आणलेली उशी ठेवायचा.

हळूहळू नंबर लागेनासे झाले. नेहमीच हरायचं तर कोण कशाला येईल? काकूंनी एके दिवशी जाहीर केलं, की हे मशीन शनिवारी परत जाणार आणि गाड्यांच्या शर्यतीचं येणार. शर्यतीला जोडीदार लागत नाही, एकट्याने खेळायचं. मशीन गेलं की पैलवान जाणार, आणि त्याच्याबरोबर मीही.

मग मी गुरुवारी क्लास बुडवला आणि भर दुपारी सरावाला गेले. पार्लरमध्ये काकू सोडून कुणी नव्हतं. त्यांनी नुकतीच फरशी पुसली होती, डावीकडे पाणी साचलेलं, म्हणून मी उजवीकडे बसले. जन्मात पहिल्यांदाच. समोर मशीनने चाबूकवालीच काढली. तिने चाबूक उगारला, मी घाबरून गडी हलवायची स्टिक खाली ओढली, तर पैलवान चक्क खाली बसला! चाबूक डोक्यावरून गेला. तो परत ओढून घ्यायला तिला जरा वेळ लागतो, तेवढ्यात मी तिला धरली आणि आपटली. पुन्हा तेच केलं, पुन्हा आपटली. मी एकटीच हसत सुटले.

मग पाय ओले करून डावीकडे गेले, तिथून पैलवान घेतला आणि तिथली स्टिक खाली ओढली. पैलवान ढिम्म उभा. ती स्टिक खाली जातच नव्हती.

दोन महिने एवढी मुलं त्या स्टुलावर बसून हरली आणि कुणाला कळलं नाही? कळलं असणार. पण त्या खोलीत हरणारा प्रत्येक जण स्टिकला दोष द्यायचा, आणि दिला की सगळे मिळून 'रड्या, रड्या' ओरडायचे. शेवटी सगळ्यांनी बोलणंच सोडून दिलं आणि दोष चाबूकवालीवर टाकला.

शुक्रवारी माझा नंबर आला तेव्हा मी त्या मुलाला म्हणाले, की आज तू डावीकडे बस. तो म्हणाला, नियम नियम असतो. काकूंनी मटारातून मान वर न करता विचारलं, "का रे, उशीशिवाय जमत नाही?" सगळे हसले. तो उठला आणि डावीकडे बसला.

मी त्याला तिन्ही डावांत लोळवलं. चाबूक डोक्यावरून जायचा आणि पैलवान बसल्या जागेवरून उठून तिला धरायचा. पोरं माझ्या पाठीवर थापा मारत होती, कुणीतरी शिट्टी वाजवली. इतका आनंद मला बोर्डाच्या निकालालाही झाला नव्हता.

तेवढ्यात तो स्टिक हलवत हळूच म्हणाला, "ही खाली जात नाहीये." अख्खी खोली ओरडली, "रड्या!" त्याचे कान लाल झाले. वर्गात माझे झाले होते तसेच.

मला गप्प बसता आलं असतं. बसावंसं वाटतही होतं.

"तो खोटं बोलत नाही," मी म्हणाले. "ती स्टिक बिघडलेली आहे. मला कालच कळलं."

मला वाटलं, संपलं, आता आपल्याला कुणी हाक मारणार नाही. काकू उठल्या, स्वतः स्टिक ओढून पाहिली आणि म्हणाल्या, मशीन शनिवारी जायचं नाही, दुरुस्त व्हायचं आहे. माझा विजय मात्र त्यांनी रद्द केला. शिक्षिका त्या.

शनिवारी स्टिक नवी होती आणि पोरांची रांग दारापर्यंत. पहिली लढत आम्हा दोघांची ठरली, नाणं उडवून बाजू ठरली आणि मी डावीकडे आले. तो फार सुंदर खेळला. पैलवानाने त्याला घाम फोडला, पण शेवटच्या डावात केसाएवढ्या फरकाने मी हरले.

त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "पैलवान, स्टिक नीट आहे ना?"

"हाय की," मी म्हणाले, "नीट हाय."

बोलून गेले आणि चपापले. कुणी हसलं नाही. मागचा मुलगा एवढंच म्हणाला, की आता ऊठ, माझा नंबर आहे. मी उठले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.