एक्सरे बाईंचा पुरावा

कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी पडदा लावलेली एक खोली होती. काम सुटलं की एक्सरे बाई तिथे बसत. हे नाव कारखान्यातल्या मुलींनी ठेवलेलं. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीची झडती घ्यायची, डबा उघडायचा, अंबाडासुद्धा चाचपायचा, हे त्यांचं काम. माणूस म्हटला की काहीतरी लपवणारच, फक्त कुठे ते शोधायचं, अशी बाईंची पक्की खात्री. पडद्याआड आलेली मुलगी सांगण्याआधीच हात वर करी. बाईंना याचा अभिमान होता.

मुलाचं लग्न झालं आणि सून आली. मोजकंच बोलणारी. बाईंच्या लेखी असं माणूस म्हणजे कुलूप लावलेली पेटी. लग्नाच्या धावपळीत बाई धड जेवल्या नव्हत्या, आणि पाठोपाठ पोटात कळा सुरू झाल्या. सोनोग्राफी नीट, रक्त नीट. एका डॉक्टरांनी "मनाचं आहे" म्हणून हात झटकले. बाईंनी आपला तपास केला. घरात नवीन काय आलं? सून.

मग स्वयंपाकघरात झडती सुरू झाली. पहिला घास सुनेनं बाईंच्या डोळ्यांदेखत खायचा, गिळून तोंड उघडून दाखवायचं, मग बाई ताटाला हात लावणार, तोही चिमणीएवढ्या घासांपुरता. पुढे तेवढंही सुटलं. जेवण जितकं कमी, दुखणं तितकं जास्त. शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. बाईंनाही आली, पण ती अशी की आता ही पाण्यातही काहीतरी घालते.

"आई, ती तुझ्यासाठी पहाटे उठते," मुलगा म्हणाला.

"पहाटे कशाला? कुणी बघू नये म्हणूनच ना?"

मुलाने कपाळाला हात लावला. त्याने दुसरीकडे खोली बघितली होती. महिनाअखेर आम्ही दोघं जातो, एवढंच त्याने सांगितलं. एकुलता एक लेक. बाईंना वाटलं, हाच तिचा डाव होता, सासूला संपवायचं नाहीतर मुलाला तोडायचं. तो जायच्या आत पुरावा हाती लागायला हवा होता.

आणि लागला. दवाखान्यातून लघवीची तपासणी सांगितली होती. सकाळी बाईंनी बाटली भरून खिडकीत ठेवली. दुपारी बघतात तर साधी पिवळी लघवी काळपट लाल झालेली. मधे खोलीत कोण आलं होतं? केर काढायला सून. बाईंनी बाटली पदराखाली घेतली आणि दुखऱ्या पोटाने वाकत दवाखाना गाठला. सोबत मुलगा आणि सून होतेच, आरोपी हजर हवा म्हणून.

डॉक्टर या खेपेला एक तरुण मुलगी होती.

"हिने यात काहीतरी टाकलंय," बाई म्हणाल्या. "माझ्या ताटात टाकते तेच."

सून खाली मान घालून उभी राहिली. डॉक्टरने बाटली उजेडात धरली. "कुठे ठेवली होती, मावशी?"

"खिडकीत. उन्हात."

"जेवता किती?"

"विष कोण जेवेल?"

"असं पूर्वी कधी दुखलं होतं?"

बाईंनी आठवलं. "बाळंतपणानंतर. ताप येऊन अन्न तुटलं होतं तेव्हा."

"तेव्हा सून कुठे होती?"



बाईंना भरती करून सलाईनमधून ग्लुकोज सुरू केलं. तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टर खाटेशी येऊन बसली. "रक्त लाल दिसतं ते हीममुळे. हीम यकृतातही बनतं, टप्प्याटप्प्याने. पहिला टप्पा एक एन्झाइम सुरू करतं, एएलए सिंथेज. हीम पुरेसं झालं की हीमच त्याला लगाम घालतं. पोटात अन्न असलं की त्यानेही ते आटोक्यात राहतं. तुमच्यात पुढचं एक एन्झाइम जन्मतःच निम्मं आहे. एरवी निभतं. उपाशी राहिलात की पहिलं मोकाट सुटतं, पुढचं पुरं पडत नाही, मधला माल साचतो. कळा त्याच्याच. तोच लघवीत उतरतो आणि उजेडात लाल होतो."

"म्हणजे कटिंगवाला कापत सुटलाय, आणि शिलाईच्या निम्म्या मशिनी बंद."

"अगदी तसंच. ग्लुकोज आणि हीमचं इंजेक्शन देऊन आपण त्याला थांबवतोय. यापुढे उपाशी राहायचं नाही, न विचारता कुठली गोळी नाही. मुलालाही तपासू. हा दोष आईकडून येऊ शकतो."

सून रोज एकच सांगत आली होती, आई, दोन घास खाऊन घ्या. बाईंना ते आठवलं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

घरी आल्या तेव्हा दाराशी मुलाच्या बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. जाऊ नका म्हणायचं बाईंनी वाटेतच ठरवलं होतं. सुनेला जवळ बसवून, नीट शब्दांत. तेवढ्यात सून गरम भाताचं ताट घेऊन आली. ताट पुढे ठेवलं, आणि बाई काही बोलायच्या आत तिने त्यातला पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला, गिळला, आणि तोंड उघडून दाखवलं.

पडद्याआडच्या मुली हात वर करीत, तशी.

ठरवलेलं बाईंना एकही अक्षर आठवेना. ताट बाजूला सारावंसं वाटलं. पण उपाशी राहायची आता त्यांना मुभा नव्हती, म्हणून डोळे पुसत त्या जेवत राहिल्या. सून बॅगांशेजारी उभी राहून ताट रिकामं व्हायची वाट बघत होती.